जावयाच्या पिशवीतले डबे

आमच्या घरी कुणी प्रवासाहून आलं की रात्रीची जेवणं झाल्यावर त्याला मध्ये बसवून सगळं वदवून घ्यायचं, अशी रीत आहे. धाकटे दीर काश्मीरहून आले तेव्हा त्यांनी आम्हाला इतका बर्फ ऐकवला की सासूबाईंनी पायावर शाल ओढून घेतली. मी हिंगोली जिल्ह्यात जाऊन आले तेव्हा मात्र कुणी काही विचारलं नाही. तिकडे बघायला काय असणार, असा चेहरा करून सगळे उठले. एका परीने बरंच झालं. माझा विषय जेवणानंतर सांगण्यासारखा नाही, आधी तर मुळीच नाही. म्हणून लिहून काढते. वाचताना तोंडात काही नसेल तर उत्तम.

विषय जंतांचा आहे.

माझ्या बहिणीची मुलगी मृण्मयी पुण्यात गणितात पीएच.डी. करते. गणितात म्हटल्यावर आम्हाला वाटलं, वह्या भरत असेल. ती जंतांचं गणित करते, म्हणजे पोटात जंत झाले की शरीर त्यांच्याशी कसं लढतं हे समीकरणांत मांडते, हे कळल्यावर बहिणीने तिच्या स्थळांच्या माहितीत 'उपयोजित गणित' एवढंच लिहिलं. मृण्मयीला हिंगोलीकडची दोन गावं बघायला जायचं होतं. एकटीने जायचं नाही ही बहिणीची अट, आणि बहिणीचे गुडघे प्रवासाला तयार नव्हते. माझी पात्रता म्हणाल तर मी रिकामी होते. जानेवारी संपत आला होता, आंब्याचा मोहर बघत बसण्यापलीकडे चिपळुणात मला काही काम नव्हतं.

परभणीला उतरेपर्यंत तिने मला आपलं गणित समजावलं. माझी कुवत ओळखून तिने आमच्या गच्चीवरची पाण्याची टाकी घेतली. टाकी म्हणजे माणसाचं पोट. वरच्या नळातून थेंब थेंब येतात ते जंत. मातीच्या हातांवरून, न धुतलेल्या भाजीतून त्यांची अंडी आपण गिळत राहतो. टाकीला खाली भोक आहे, त्यातून काही जंत मरून, काही ढकलले जाऊन बाहेर पडतात. लहान मुलात हे भोक बारीक असतं, म्हणून टाकी भरत जाते. पण शरीर आलेल्या प्रत्येक जंताची आठवण ठेवतं आणि त्या आठवणीच्या जोरावर खालचं भोक रुंद करत नेतं. त्यामुळे जंत लेकरांच्या पोटात जास्त आणि मोठ्या माणसांत कमी. वरून किती येतात, खालून किती जातात आणि आठवण किती साठली, अशी तिची तीन समीकरणं. आलेख काढला की रेघ लहानपणी चढते आणि मोठेपणी उतरते. जगात बहुतेक ठिकाणी ती अशीच उतरते म्हणाली.

हिंगोली जिल्ह्यातल्या एका आरोग्य प्रकल्पाने दोन वर्षांपूर्वी दोन वस्त्यांतून नमुने गोळा केले होते, आणि त्यांचे आकडे तिच्याकडे आले होते. सेनगावच्या बाजूच्या तांड्यातली रेघ शहाण्यासारखी उतरली. जवळा बाजारच्या बाजूच्या गावातली उतरलीच नाही. तिथे आजीच्या पोटात नातवाएवढे जंत. आणि गंमत अशी की त्याच आजीचं रक्त तपासलं तर त्यात जंतांशी लढणारी शिपायांची फौज अगदी वयाला शोभेल अशी तगडी.

"म्हणजे पहारेकरी जागे आहेत, आणि चोर घरात जेवून राहिलाय," मी म्हटलं.

अगदी तसंच, म्हणाली. मग तिने चौथं समीकरण लिहिलं. त्यात शरीर जंताला ओळखतं, पण हळूहळू त्याला सरावतं आणि हाकलायचं सोडून देतं. हे मला गाडीतल्या गाडीत पटलं. आमच्याकडे यजमानांचे एक चुलतभाऊ दर उन्हाळ्यात येतात. त्यांना ओळखतात सगळे, हाकलत कुणी नाही.

हे चौथं समीकरण म्हणजेच तिचा प्रबंध. तीन वर्षं तिने त्याच्यावर घातली होती. तिच्या मार्गदर्शक मॅडमना ते आवडलं होतं, त्यावरचा निबंध पाठवायच्या बेतात होता. एवढ्यात विभागातल्या एका म्हाताऱ्या परीक्षकांनी विचारलं, की एकाच जिल्ह्यातल्या दोन वस्त्यांत माणसांची शरीरं इतकी वेगळी वागतील का हो? तुम्ही जाऊन बघितलंत का? तिने बघितलं नव्हतं. म्हणून हा प्रवास. समीकरण खरं ठरलं तर उन्हाळ्यात प्रबंध पुरा. खोटं ठरलं तर तीन वर्षं गेली. हे तिने खिडकीबाहेर बघत सांगितलं आणि मग माझ्याकडून एक लाडू मागून घेतला.

जवळा बाजार

आमच्याकडे जमीन उभी असते. कुठेही बघा, पुढे डोंगर, मागे डोंगर, मध्ये आपण. इथे नजर टाकली की ती सोडलेल्या गुरासारखी पार लांब निघून जाते. काळी माती, तिच्यात तुरीचे वाळत आलेले पट्टे, कापूस वेचून झालेल्या पळाट्या आणि मध्येच हळदीची पिवळी पडलेली पानं. आमच्या तांबड्या मातीची सवय असल्यामुळे मला पहिले दोन तास जमीन ओली आहे असंच वाटत होतं.

आठवडी बाजाराचा दिवस होता. जीपवाल्याने आम्हाला दोघींना जिथे बसवलं तिथे आधीच तिघी होत्या. त्यातल्या एकीने बाजारातून घेतलेली नवी लोखंडी कढई माझ्या मांडीवर ठेवली आणि उतरेपर्यंत ती माझीच जबाबदारी समजली.

आम्हाला न्यायला बालाजीराव आले होते. पस्तिशीतले, पांढरा शर्ट, खिशाला पेन. दोन वर्षांपूर्वी गावातले नमुने त्यांनीच घरोघर फिरून गोळा केले होते. नमुने म्हणजे काय हे आता सांगायलाच हवं: प्लास्टिकचे लहान डबे, एका माणसाचा एक. आदल्या दिवशी रिकामा द्यायचा, दुसऱ्या दिवशी सकाळी भरलेला आणायचा. रक्त घ्यायला मात्र परिचारिका स्वतः आली होती. ही सगळी नावं मी बदलली आहेत आणि गावाचं नाव सांगतच नाही. कारण पुढे येईल.

बालाजीराव म्हणजे त्या गावचे जावई. सासर तिथलं, राहणं जवळ्याला. आम्ही उतरलो ते सुमनबाईंच्या घरी, आणि सुमनबाई त्यांच्या चुलतसासू. जावई अंगणात आल्याबरोबर घराचा नूर बदलला. सुमनबाईंनी पदर पुढे ओढला, त्यांची सून रेखा आत सरकली, पाय धुवायला पाणी आलं, बाजेवर धुतलेली वाकळ पडली. आमच्यासाठीही पडली, पण ती जावयांची सावली म्हणून. चहात साखर इतकी की चमचा उभा राहावा. आमच्याकडे जावई आला की त्याला शहाळं फोडून देतात आणि पंख्याखाली विसरून जातात. इथे त्यांनी कप खाली ठेवेपर्यंत कुणी बसलं नाही.

बालाजीराव मृण्मयीला अभिमानाने सांगत होते, की बाकीच्या गावांत लोक डबे द्यायला कुरकुरले, कुठे निम्मेच आले. "आपल्या गावात एकबी डबा रिकामा आला न्हाई, मॅडम. बराबर समद्यांचे. ज्या दिवशी मागितले, त्याच दिवशी."

आतून कुणीतरी खोकलं. मला वाटलं, चुलीचा धूर.

ते गेल्यावर घर सैल झालं. रात्री ज्वारीची भाकरी, येसराची आमटी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. येसर म्हणजे धान्यं आणि मसाले भाजून केलेलं पीठ. ते लावून केलेल्या आमटीचा रंग आमच्या सोलकढीने बघितला तर तिला भोवळ यावी. मी पुण्याहून बाटल्यांतून पाणी नेलं होतं. जंतांच्या अभ्यासाला निघालेल्या मुलीची मावशी म्हणून मला ते कर्तव्य वाटत होतं.

"काहून ओ मावशी," सुमनबाई म्हणाल्या, "आमचं पाणी चावतं का?"

मी काहीतरी सारवासारव करत ठेचा तोंडात घातला. पुढचं मला नीट आठवत नाही. भान आलं तेव्हा मी त्यांच्या माठातला दुसरा तांब्या संपवत होते, आणि रेखा पदरात तोंड घालून हसत होती.

सेनगावच्या पलीकडे

तांडा थोडा उंचावर आहे, मागे मुरमाड माळ, पुढे तूर. एके काळी बैलांच्या पाठीवर मालाची ने-आण करणाऱ्या लोकांची ही वस्ती. आता सोयाबीन आणि तूर करतात. फक्त म्हाताऱ्या बायकांच्या अंगावर आरशांची चोळी राहिली आहे. सुनांनी ती पेटीत ठेवली आहे, आणि पाहुण्याने विचारलं तरच दाखवतात. मी विचारलं. दाखवायला काढल्यावर ती मला घालूनच बघावी लागली, आणि दंडात अडकली. दोघींनी मिळून मला तिच्यातून सोडवलं.

इथे डबे गोळा केले होते कमलाबाईंनी, तांड्यातल्याच आशा कार्यकर्त्या. आवाज असा की माळावरची शेळी जागी थांबावी. त्यांनी मला आधी विचारलं, तुमी डाक्टर व्हय? मी म्हटलं, नाही, मी मावशी. मग त्यांनी माझ्याशी बोलणं सोपं करून टाकलं. डब्यांची हकिगत त्यांनी अशी सांगितली की एकेका दारात जाऊन बसायचं, शिव्या द्यायच्या, शिव्या खायच्या, आणि बाई डबा घेऊन येईपर्यंत हलायचं नाही. काही बायांनी दिलेच नाहीत, त्या डब्यांवर त्यांनी फुली मारली.

मृण्मयीने पाणी कुठून येतं ते बघितलं, पोरं कुठे खेळतात ते बघितलं, माती पिशवीत भरून घेतली. परत येताना जीपमध्ये ती जरा कोमेजली होती. दोन्हीकडे तीच माती, तसंच पाणी, तसेच पोरांचे हात. वरच्या नळात फरक दिसत नाही म्हणाली. म्हणजे फरक शरीरातच असला पाहिजे. म्हणजे चौथं समीकरण खरं. हे ती आनंदाची बातमी असल्यासारखं म्हणाली नाही.

पुन्हा गावात

दुसऱ्या दिवशी दुपारी अंगणात ओल्या तुरीच्या शेंगांचा ढीग पडला होता. सोले, म्हणजे आतले हिरवे दाणे, काढायला आळीतल्या चार-पाच बायका जमल्या. आम्हीही बसलो. सोले काढायचं काम चांगलं, हाताला गती येते आणि तोंड मोकळं राहतं. हळद शिजवायची कढई जवळच कुठेतरी लागली होती, तिचा उग्र वास सगळीकडे होता. रेखाची मुलगी परी, पाच वर्षांची, ढिगातले कोवळे दाणे वेचून खात होती आणि धुतले नाहीत म्हणून मी तिला अडवत होते.

"खाऊ द्या ओ मावशी," सुमनबाई म्हणाल्या. "तिच्या पोटाची वरात मागंच निघाली. तवा अख्ख्या आळीचं काम एकटीनं केलं हिनं."

बायका हसल्या. रेखा म्हणाली, "अत्याबाई, गप बसा ना."

मृण्मयीने सहज विचारलं, कसलं काम?

मग ते हळूहळू, सगळ्यांच्या तोंडून तुकड्यातुकड्याने बाहेर आलं. दोन वर्षांपूर्वी डबे मागायला कोण आलं, तर जावई. गावचा जावई दारात येऊन उभा राहिला आणि काही मागितलं, तर त्याला नाही म्हणून कसं धाडायचं? आणि मागितलं ते हे. घरातल्या सुनेने ते जावयाच्या हातात ठेवायचं? सासूने ठेवायचं? धोंड्याच्या महिन्यात ज्याला अनारसे देतो त्याला? अख्खी रात्र आळीत खल झाला. मग कुणाच्या तरी डोक्यातून निघालं की लेकराचं चालतं. लेकराचं कुणालाही चालतं, त्यात कसली लाज. परी तेव्हा तीन वर्षांची. घरातले सगळे डबे तिच्याकडूनच भरले. सासूचा, सुनेचा, रानात गेलेल्या माणसांचा.

"आणि ज्यांच्या घरी लेकरू नाही?" मृण्मयी म्हणाली. तिच्या हातातली शेंग अर्धी उघडून राहिली होती.

"त्यांनी आमच्याकडून नेलं," सुमनबाई म्हणाल्या. "इरजणाला दही नेत्यात तसं."

यावर सगळ्या इतक्या हसल्या की सोले सांडले. मीही हसले. मग माझं लक्ष मृण्मयीकडे गेलं. ती हसत होती, पण उशिरा, टेलिफोनवर लांबून ऐकू यावं तशी.

किती घरांनी असं केलं, तिने विचारलं. सुमनबाईंनी बोटं मोजायला घेतली आणि सोडून दिली. आमच्या आळीतले समदे, म्हणाल्या. तिकडच्या आळीतलं तिकडच्यांना ठाऊक. पण तिकडंबी तोच जावई गेलता.

संध्याकाळी आम्ही दोघी बांधाच्या कडेने चालत निघालो. एखाद्या परक्या माणसाबद्दल सांगावं तसं ती सांगू लागली. एका घरातले आकडे एकमेकांसारखे दिसतात हे तिला पहिल्याच महिन्यात जाणवलं होतं. तिने त्याला कारण दिलं होतं: एक घर, एक माती, एक पाणी. त्यावर तिने एक परिशिष्टही लिहिलं होतं. ते एक घर, एक परी होतं.

मी व्यवहारी बाई आहे. मी म्हटलं, हे आपल्या दोघींना आणि त्या चार बायकांना ठाऊक आहे. त्या काही तुझा निबंध वाचायला जात नाहीत. परीक्षकांना सांग, जाऊन आले, माती बघितली, पाणी बघितलं. सगळं खरंच आहे.

"रक्त त्यांचं स्वतःचं आहे, मावशी," ती म्हणाली. "सुईने त्यांच्याच हातातून काढलंय. ते सांगतंय की त्यांची शरीरं नीट काम करतायत, अगदी चोख. आणि मी जगाला सांगणार की ह्या बायकांची शरीरं थकलीत. उद्या कुणीतरी ते वाचून इथे औषध ठरवील."

मी विचारलं, थंडी वाजतेय का? ती नाही म्हणाली, आणि लिंबाखाली उभी राहून तिने मॅडमना फोन लावला. मी लांब उभी राहिले. पलीकडचं काही ऐकू आलं नाही. मॅडम रागावल्या का, मी विचारलं. नाही म्हणाली. आधी हसल्या. मग म्हणाल्या, अभ्यासाला मिळालेल्या परवानगीत नमुन्यांची दुसरी फेरी बसते. त्या बायका पुन्हा देतील का, ते विचार. आपले स्वतःचे.

विचारायचं कसं, यावर आमची रात्र गेली. सकाळी मृण्मयीने सरळ सांगितलं. सुमनबाईंच्या अंगणात बायका गोळा झाल्या, आणि तिने त्यांना तीच टाकी सांगितली, फक्त गच्चीऐवजी गुरांचा हौद केला. तुमचं पोट खालचं भोक रुंद करतंय असं तुमचं रक्त म्हणतंय, ते खरं की खोटं हे मला तुमच्याच डब्यांतून कळेल. परीच्या डब्यातून परीचंच कळेल. माझं तीन वर्षांचं काम त्यात बुडेल असं वाटतंय, पण मला ते बघायचंय.

एकीने विचारलं, तुमचं काम बुडल तर तुमाला काय भेटल? मृण्मयी म्हणाली, भेटणार काहीच नाही, चूक कळेल. त्या बाईला ते पटलं नसावं, पण कीव आली असावी.

सुमनबाईंनी अटी घातल्या. पहिली, जावयाला यातलं कधीही कळता कामा नये. दोन वर्षं तो शंभर टक्के म्हणून गावभर सांगून राहिला, त्याला आता खाली बघायला लावायचं नाही. दुसरी, डबे कुठल्याही पुरुषाच्या हातात जाणार नाहीत. तिसरी, कुणाच्या डब्यात काय निघालं ते सगळ्यांना सांगायचं, एकटीला बोलावून नाही.

आणि मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. "आन मावशीनं बी आपला द्यायचा."

मी म्हटलं, माझा कशाला, मी चिपळूणची.

"म्हणूनच. तुमी देता का, मंग आमी देतो."

हिंगोलीहून नवे डबे मागवावे लागले. ते एका परिचारिकेने आणून दिले, आणि दुसऱ्या दिवशी पहाटेपासून सुमनबाईंच्या परसदारी बायका पदराखाली हात घालून येऊ लागल्या. लग्नाच्या आहेराइतकी गंभीर वाटचाल होती ती. काही आल्या नाहीत. मृण्मयीने त्यांची नावं सोडून दिली, मागे लागली नाही. रानात जाणाऱ्या पुरुषांचे डबे त्यांच्या बायकांनी आणले, आणि प्रत्येकीने शपथेवर सांगितलं की ज्याचं त्याचं आहे. रेखा सगळ्यात शेवटी आली. डबा माझ्या हातात देताना तिने मान वर केली नाही, पण म्हणाली, "परीचं न्हाई हो. माझंच हाय."

मीही दिला. कसा दिला ते लिहिणार नाही.

डबे बर्फाच्या पेटीत आणि पेटी एका मोठ्या कापडी पिशवीत, अशी ती हिंगोलीच्या प्रयोगशाळेत पोचवायची होती. मृण्मयीकडे मातीच्या पिशव्या होत्या, म्हणून ही माझ्या वाट्याला. जीप पारापाशी उभी. आळीतल्या बायका निरोपाला म्हणून आल्या होत्या, पण सगळ्यांची नजर पिशवीवर. आणि मोटारसायकलवरून कोण आलं, तर बालाजीराव. आम्ही निघाल्याचं कळलं होतं. पाहुण्यांना गाडीत बसवायला जावई आले होते. क्षणात सगळ्यांचे पदर पुढे आले.

"द्या इकडं, मावशी," म्हणत त्यांनी पिशवीला हात घातला. "जड असंल. तुमाला तकलीफ कशाला."

मी पिशवी ओढली. त्यांनीही आदराने ओढली. पाराजवळच्या बायका दगडासारख्या उभ्या होत्या. सुमनबाईंचे ओठ हलत होते, देवाचं नाव असावं. मी म्हटलं, नको, नको, मीच धरते, यात सोले आहेत.

"अरे, सोले व्हय," ते म्हणाले. "मला सांगायचं, मी घरून आणून दिले असते. आमच्या तुरीचे गोड असत्यात."

पण हात सोडला. मी पिशवी मांडीवर घेऊन जीपमध्ये बसले आणि हिंगोली येईपर्यंत तिला दोन्ही हातांनी धरून होते. शेजारच्या बाईने विचारलं, काय ओ, सोनं हाय का? मृण्मयी त्या प्रवासात पहिल्यांदा मोठ्याने हसली.

चिपळूण

तिचा फोन बऱ्याच दिवसांनी आला. गावातली रेघ उतरली होती, तांड्यासारखीच. आजींच्या पोटात नाममात्र, रेखाच्या डब्यात काहीच नाही. तीन समीकरणं पुरेशी होती. चौथं तिने काढून टाकलं, त्याबरोबर निबंध गेला, आणि प्रबंधाला आणखी वर्ष लागणार आहे. मॅडम म्हणतात, चुकीचा नमुना समीकरणाला कसं फसवतो यावर एक प्रकरण होईल. त्यात ना गाव, ना जावई. 'पहिल्या फेरीतले नमुने ज्या त्या व्यक्तीचे असल्याची खात्री देता येत नाही' एवढंच वाक्य आहे. वाईट वाटतं का, मी विचारलं. सकाळी वाटतं, म्हणाली. दुपारपर्यंत बरं वाटतं.

मग म्हणाली, "मावशी, मोठ्या माणसांत जंतांनी भरलेला असा एकच डबा निघालाय. तुझा."

पोटात गेलेल्या जंताला अंडी घालण्याजोगं व्हायला दोन-अडीच महिने लागतात, हे तिने मला सावकाश सांगितलं. मी तिकडे आठवडाभरसुद्धा नव्हते. म्हणजे ते माझ्या परसातले, माझ्या कोथिंबिरीवरचे, तांबड्या मातीतले. मी ते तिकडे घेऊन गेले आणि परत घेऊन आले. मला आलेखात धरता येत नाही, म्हणाली. मी त्या गावची नाही. पण सुमनबाईंची तिसरी अट होती, सगळ्यांचं सगळ्यांना सांगायचं. सांगू ना?

मी सांग म्हटलं. संध्याकाळीच सुमनबाईंचा फोन आला. त्या मुळीच हसल्या नाहीत, हे विशेष. गोळी घेतली का विचारलं, आणि म्हणाल्या, "त्यात लाजायचं काय, मावशी. कुणालाबी होतंय."

गोळी मी घेतली. आमच्या डॉक्टरांनी सांगितलं, थोड्या दिवसांनी पुन्हा एकदा तपासून घ्या, गावात चांगली लॅब आहे. आहे, मला ठाऊक आहे. ती माझ्या पुतणीच्या नवऱ्याची आहे. मोठा गुणी मुलगा, काउंटरवर स्वतः बसतो, मला बघितलं की उठून उभा राहतो आणि पिशवी हातातून घेतो.

सांगितलेले दिवस झाल्यावर मी पिशवी घेऊन सकाळच्या एसटीने खेडला गेले. घरी सांगितलं, साड्या बघायला जाते.